मायनस तीन व्होल्टची बॅटरी आणि चौदाचा घोळ

ऐरोलीहून डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. आकृती नुसती बघून सर्किट सुटत नाही, म्हणून ती आधी शब्दांत उतरवतो.

वर एक नोड, म्हणजे शाखा जिथे एकत्र मिळतात तो बिंदू, त्याला ‘अ’ म्हणू. खाली दुसरा, ‘ब’. दोघांच्या मध्ये उभ्या तीन शाखा. डाव्या शाखेत २४ व्होल्टची बॅटरी, पॉझिटिव्ह टोक ‘अ’कडे, तिचा अंतर्गत रेझिस्टन्स १ ओहम आणि बाहेर ५ ओहमचा रेझिस्टर. मधल्या शाखेत अज्ञात बॅटरी, तिचंही पॉझिटिव्ह टोक ‘अ’कडे काढलेलं, आतले १ ओहम, बाहेरचे ३ ओहम. उजव्या शाखेत नुसता चौकोन. आत बॅटरी आहे एवढंच सांगितलंय, टोकं दाखवलेली नाहीत. तिथे आतले १ आणि बाहेरचे ९ ओहम. मधला अँमीटर ०.५ अँपिअर दाखवतो, उजवा १.५ अँपिअर, आणि दोन्हींचे बाण ‘अ’कडून ‘ब’कडे, म्हणजे खाली. दोन्ही अज्ञात बॅटऱ्यांचा ईएमएफ, म्हणजे करंट चालू नसताना बॅटरी देते तो तिचा स्वतःचा व्होल्टेज, काढायचा आहे.

पुस्तकाच्या मागे उत्तर आहे १० आणि ३ व्होल्ट. तिला आलं १४ आणि मायनस ३. तिचं म्हणणं असं: “१४ ही आकडेमोडीतली चूक असेल, ती मी शोधेन. पण बॅटरी मायनस कशी येईल? मैत्रीण म्हणते चिन्ह पुसून टाक, मार्क मिळतात. शिवाय तिसऱ्या लूपचं, म्हणजे बंद फेरीचं, समीकरण घेतलं तर सगळं कटून शून्य बरोबर शून्य येतं.”

तर बाळ, गंमत अशी आहे की ज्या उत्तराची तुला लाज वाटतेय ते बरोबर आहे, आणि ज्याला तू किरकोळ आकडेमोड म्हणतेस तिथे खरी चूक आहे. १४ हा आकडा तू कसा काढलास हे तू लिहिलेलं नाहीस, पण मला अंदाज आहे. नौपाड्यात संध्याकाळी डिप्लोमाच्या मुलांना शिकवताना हाच १४ मी वेगवेगळ्या आकड्यांत पुष्कळदा पाहिलाय. दिवसभर माझं काम यूपीएस आणि बॅटरी बँकांचं. वागळे इस्टेटमध्ये शिकाऊ म्हणून लागलो, पुढे रबाळे, महापे, तुर्भे असं खाडीच्या पलीकडे फिरत राहिलो. त्यामुळे खाली जे लिहितोय त्यात थोडं वर्गातलं आहे आणि थोडं बॅटरी रूममधलं.

आधी शून्य बरोबर शून्य, कारण ते लवकर मिटतं. समीकरणं लिहायला घेण्यापूर्वी मोजायचं: अज्ञात किती, आणि खरोखर वेगळी समीकरणं किती. या सर्किटमध्ये तीन शाखा म्हणजे तीन करंट, आणि दोन ईएमएफ. एकूण पाच. नोड दोन आहेत, पण ‘ब’चं समीकरण म्हणजे ‘अ’चंच उलटं लिहिलेलं, म्हणून नोडचं समीकरण एकच धरायचं. लूप डोळ्यांना तीन दिसतात: डावं, उजवं आणि बाहेरून फिरणारं मोठं. पण डावं आणि उजवं समीकरण बेरजेला लावलं की मधली शाखा कटते आणि जे उरतं तेच मोठं लूप. नवीन माहिती शून्य. शाखा वजा नोड अधिक एक, म्हणजे ३ − २ + १, एवढीच स्वतंत्र लूप: दोन. नोडचं एक आणि लूपची दोन, मिळून तीन समीकरणं. अज्ञात पाच. उरलेल्या दोघांसाठी दोन अँमीटर दिलेत. हिशेब जुळला. तिसरं लूप घेऊन तू चूक केली नाहीस, फक्त एकच साक्षीदार दोनदा बोलावलास.

हे मोजणं परीक्षेपुरतं नाही. कुठली माहिती दिली आहे यावर उत्तर निघणार की नाही हेच अवलंबून असतं, म्हणून “अज्ञात बॅटऱ्या किरचॉफच्या (नोडच्या आणि लूपच्या) नियमांनी निघतात का?” याला सरसकट हो म्हणता येत नाही. समज, डावी बॅटरीही अज्ञात आहे आणि त्या बदल्यात तिसऱ्या शाखेतही अँमीटर लावून दिलाय. मुलं म्हणतात, सर, तीन अज्ञात, तीन रीडिंग, सुटेल. नाही सुटणार. तिसरं रीडिंग पहिल्या दोघांची बेरीज आहे, ते नोडच्या नियमाने आपल्याला आधीच कळलेलं. आणि याहून आतली गोष्ट अशी: तिन्ही बॅटऱ्यांचे ईएमएफ पाच-पाच व्होल्टने वाढवले तर ‘अ’ आणि ‘ब’मधला व्होल्टेजही पाचने वाढतो आणि तिन्ही करंट जिथल्या तिथे राहतात. अँमीटरला काही कळतच नाही. या रचनेत करंट फक्त बॅटऱ्यांमधला फरक ओळखतो. म्हणून कुठेतरी एक पक्का आकडा लागतो, आणि तो या गणितात २४ व्होल्ट आहे. प्रश्न काढणाऱ्याने तो उदारपणे दिलेला नाही, त्याच्याशिवाय प्रश्नच उभा राहत नाही.

आता नोड. ‘अ’वर मध्ये ०.५ खाली जातात, उजवीकडे १.५ खाली जातात, म्हणून डावीकडून २ अँपिअर वर यायलाच हवेत. ठाणे स्टेशनच्या पुलाचं उदाहरण मी वर्गात देत असे: जेवढे जिना चढून आले तेवढे उतरून गेले. एका मुलाने विचारलं, “सर, सकाळी नऊला तिथे लोक साठतात त्याचं काय?” त्याचं बरोबर होतं. तेव्हापासून मी म्हणतो, नोड म्हणजे असा पूल ज्यावर उभं राहायला जागाच नाही. चार्ज साठत नाही, एवढाच पहिल्या नियमाचा अर्थ. हे गुस्ताव किरचॉफने १८४५ मध्ये मांडलं, तेव्हा तो क्योनिग्सबर्गला विद्यार्थी होता, वय एकवीस. तुझ्यापेक्षा थोड्याच वर्षांनी मोठा, म्हणून सांगितलं.

दुसरा नियम लूपचा: पूर्ण लूप फिरून परत आलं की व्होल्टेजच्या चढ-उतारांची बेरीज शून्य. त्यात मुलं अडकतात ती चिन्हांवर. प्रत्येक पुस्तकाची चिन्हांची पद्धत वेगळी असते. कोणी ड्रॉपला, म्हणजे उताराला, अधिक धरतं, कोणी चढाला. कुठलीही चालेल, पण एका गणितात एकच. मी चढ अधिक, उतार उणे धरतो आणि तो आमच्या सोसायटीच्या इमारतीवरून समजावतो. बॅटरी म्हणजे लिफ्ट, रेझिस्टर म्हणजे जिना. जिन्यावर करंट नेहमी वरून खाली येतो. तू करंटच्या दिशेने चालत असशील तर उतरतेस, म्हणून उणे. करंटच्या उलट चालत असशील तर चढतेस, म्हणून अधिक. लिफ्टचं मात्र वेगळं. लिफ्टचा खालचा दरवाजा आणि वरचा दरवाजा ठरलेला आहे. निगेटिव्हकडून आत शिरून पॉझिटिव्हकडून बाहेर आलीस तर चढलीस, उलट केलंस तर उतरलीस. त्या क्षणी लिफ्टमधून लोक वर चाललेत की खाली, याने दोन मजल्यांतलं अंतर बदलत नाही. म्हणजे बॅटरीचं चिन्ह तू तिला कुठल्या टोकाने ओलांडलंस यावर ठरतं, तिच्यातून करंट कुठे चाललाय यावर नाही. हे एक वाक्य वहीत पहिल्या पानावर लिहून ठेव. तुझा १४ याच वाक्यावर घसरलाय.

पूर्ण लूप फिरण्याऐवजी मी आधी ‘अ’ आणि ‘ब’मधला व्होल्टेज काढतो. तिन्ही शाखा याच दोन नोडांना लागून आहेत, त्यामुळे तो एकदा हातात आला की प्रत्येक शाखा स्वतंत्रपणे सुटते आणि एकीची चूक दुसरीत शिरत नाही. ‘ब’पासून डाव्या शाखेतून वर चालायला लाग. बॅटरी निगेटिव्हकडून पॉझिटिव्हकडे ओलांडली, अधिक २४. करंट २ अँपिअर आपल्याच दिशेने, रेझिस्टन्स ५ आणि १ मिळून ६ ओहम, म्हणजे उणे १२. पोचलो ‘अ’ला. ‘अ’ हा ‘ब’पेक्षा १२ व्होल्ट वर आहे.

आता मधली शाखा. ‘अ’कडून खाली उतर. करंट ०.५ अँपिअर आपल्याच दिशेने, रेझिस्टन्स ३ आणि १ मिळून ४ ओहम, उतार २ व्होल्टचा. मग बॅटरी, तिचं पॉझिटिव्ह टोक वर आहे, आपण पॉझिटिव्हकडून शिरून निगेटिव्हकडून बाहेर पडतोय, म्हणजे तिच्या ईएमएफएवढा उतार. एकूण उतार १२ हवा. १२ − २ = १०. मधल्या बॅटरीचा ईएमएफ १० व्होल्ट.

तुझा १४ कुठून आला? १२ + २. तू मनात धरलंस की बॅटरी आहे म्हणजे करंट तिच्या पॉझिटिव्ह टोकातूनच बाहेर पडणार आणि मग स्वतःच्या रेझिस्टन्समध्ये २ व्होल्ट गमावून तिने ‘अ’ला १२ दिले. पण अँमीटरचा बाण बघ. करंट तिच्या पॉझिटिव्ह टोकातून आत शिरतोय. ही बॅटरी देत नाही, घेतेय. ती चार्ज होतेय. शाळेत बॅटरी म्हणजे करंट देणारी वस्तू असं मनात इतकं घट्ट बसतं की समोर बाण काढलेला असूनही डोळा तो वाचत नाही. माझ्या हाताखाली आलेले डिग्रीवाले इंजिनिअरसुद्धा पहिल्या महिन्यात हे करतात.

बॅटरी रूममध्ये हे रोजचंच आहे. बारा व्होल्टची लेड-अॅसिड बॅटरी पूर्ण भरून, चार्जर काढून काही तास शांत ठेवली तर टर्मिनलवर साधारण १२.७ व्होल्ट मिळतात. तीच चार्जरवर फ्लोटला, म्हणजे भरलेली राहावी म्हणून सतत हलक्या चार्जवर, असताना मीटर १३.५ ते १३.८ दाखवतो, आणि तिच्यावर मोठा लोड टाकला की आकडा १२.७च्या बराच खाली येतो. टर्मिनलवर दिसणारा व्होल्टेज करंटच्या दिशेप्रमाणे ईएमएफच्या वर किंवा खाली सरकतो. (फ्लोटच्या त्या जादा व्होल्टमध्ये बॅटरीच्या आतल्या रसायनाचाही वाटा असतो, सगळं अंतर्गत रेझिस्टन्सवर ढकलू नकोस, पण दिशा समजण्यापुरतं चित्र हेच.) तुझ्या गणितात मधल्या बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर लावला असता तर १० + ०.५ = १०.५ दिसले असते, आणि डावीच्या टर्मिनलवर २४ − २ = २२. एकीचा आकडा ईएमएफच्या वर, दुसरीचा खाली. दोन्ही बॅटऱ्या धडधाकट आहेत.

आता तुझी मायनस तीन. उजव्या चौकोनात पॉझिटिव्ह टोक कुठे हे दिलेलंच नाही, म्हणून तू ते वर धरलंस. अगदी योग्य केलंस. काहीतरी धरल्याशिवाय समीकरण लिहिताच येत नाही. ‘अ’कडून खाली उतर. १.५ अँपिअर, ९ आणि १ मिळून १० ओहम, उतार १५ व्होल्टचा. पण ‘अ’ आणि ‘ब’मध्ये फरक १२चाच. म्हणजे बॅटरीचा उतार १२ − १५ = −३. तीन व्होल्टचा उणे उतार, म्हणजे तीन व्होल्टचा चढ. आपण वरून आलो आणि तरी चढलो, अर्थात या लिफ्टचा खालचा दरवाजा वर आहे. पॉझिटिव्ह टोक ‘ब’कडे आहे. ईएमएफ ३ व्होल्ट, टोकं उलटी. पुस्तकातला ३ आणि तुझा मायनस ३ ही एकच बॅटरी, फक्त तू तिची दिशाही सांगतेयस आणि पुस्तक सांगत नाहीये. माझ्या मते तुझं उत्तर पुस्तकापेक्षा पूर्ण आहे.

म्हणून चिन्ह पुसू नकोस. पेपरात शेवटी एक ओळ लिही: “ईएमएफ ३ व्होल्ट, पॉझिटिव्ह टोक ‘ब’कडे, धरलेल्या दिशेच्या उलट.” आणि मध्येच घाबरून, गणित चालू असताना, धरलेली दिशा बदलू नकोस. दोन ओळी जुन्या दिशेने, तीन नव्या दिशेने, अशा वह्या मी इतक्या तपासल्यात की नुसती खाडाखोड बघून सांगू शकतो मूल कुठल्या ओळीला घाबरलं.

मात्र एक फरक लक्षात ठेव. उजवीकडे दिशा तू धरलेली होती, म्हणून उणे उत्तर ही माहिती ठरली. मधल्या बॅटरीची टोकं आकृतीत दिलेली होती. तिथे उणे आलं असतं तर मी आधी माझी समीकरणं तपासली असती, मग अँमीटरचा बाण नीट उतरवलाय का ते, आणि सगळं बरोबर निघालं तर म्हटलं असतं की आकृती छापताना टोकं उलटी पडलीत.

असली उलटी बॅटरी मी प्रत्यक्षात स्वतःच्या हाताने बसवली आहे. रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात यूपीएसची बॅटरी बँक बदलायचं काम होतं. बारा व्होल्टच्या सोळा बॅटऱ्या सिरीजमध्ये, रात्रीचं शटडाउन, पहाटे लाइन सुरू करायची घाई. दोन रॅक, खालच्या रॅकमधल्या बॅटऱ्या आडव्या, हात पोचायला जागा कमी. जोडणी झाली, ब्रेकर ओढण्याआधी सवयीप्रमाणे दोन टोकांवर मीटर लावला. सोळा गुणिले १२.७ म्हणजे साधारण २०३ हवे होते. दाखवत होता १७८. माझा जोडीदार म्हणाला, एखादी बॅटरी मेलीय. मी पण आधी तेच म्हटलं. मग वजाबाकी केली: २५ कमी. एक बॅटरी पूर्ण मेलेली असती, म्हणजे शून्य देत असती, तर १२.७ कमी झाले असते. २५.४ म्हणजे बरोबर दुप्पट. एका बॅटरीमुळे दुप्पट कमी होतं ते एकाच कारणाने: अधिक १२.७च्या जागी उणे १२.७ बसलेत. बॅटरी उत्तम होती, उलटी होती. खालच्या रॅकमधली अकरावी, मीच बसवलेली. ती सरळ केली आणि २०३ आले.

तेव्हा ब्रेकर ओढला असता तर काय झालं असतं ते तुझ्या गणिताच्याच भाषेत सांगतो. चार्जर सोळा बॅटऱ्यांसाठी साधारण २१८ व्होल्ट देतो, समोर १७८ची बँक. फरक ४० व्होल्टचा, आणि वाटेत रेझिस्टन्स म्हणजे बॅटऱ्यांचे मिलिओहम आणि केबल. करंट अडवायला चार्जरची स्वतःची मर्यादा सोडली तर काहीच नाही. आणि ती उलटी बॅटरी चार्ज होण्याऐवजी उलट दिशेने रिकामी होत गेली असती. त्या रात्री कागदावर एकही समीकरण लिहिलं नव्हतं, पण जे केलं तो किरचॉफचा दुसरा नियमच होता: टोकापासून टोकापर्यंत चाल, चढ-उतार बेरजेला लाव, आणि बेरीज चुकली तर कितीने चुकली ते बघ. तो ‘कितीने’ बरंच काही सांगतो.

तुझ्या उत्तराकडे परत. उत्तर बरोबर की चूक हे पुस्तकाच्या मागच्या पानावर न जाता तपासता यायला हवं. माझ्या दोन तपासण्या आहेत. पहिली पॉवरची. देणारे कोण? डावी बॅटरी २४ × २ = ४८ वॅट. उजवी ३ × १.५ = ४.५ वॅट, तिच्यातून करंट खाली चाललाय आणि पॉझिटिव्ह टोक खाली आहे, म्हणजे करंट पॉझिटिव्हमधून बाहेर पडतोय, म्हणून तीही देतेय. एकूण ५२.५. घेणारे: डावे ६ ओहम, २ × २ × ६ = २४ वॅट. मधले ४ ओहम, ०.५ × ०.५ × ४ = १ वॅट. उजवे १० ओहम, १.५ × १.५ × १० = २२.५ वॅट. आणि चार्ज होणारी मधली बॅटरी, १० × ०.५ = ५ वॅट. बेरीज ५२.५. जुळलं. १० ऐवजी तुझा १४ घालून बघ, कुठल्याही बाजूला ठेवलास तरी जुळणार नाही.

दुसरी तपासणी उलट्या बाजूने. सापडलेले ईएमएफ घ्यायचे, अँमीटर विसरायचे आणि ‘अ’–‘ब’ व्होल्टेज नव्याने काढायचा. प्रत्येक शाखेचा ईएमएफ भागिले तिचा रेझिस्टन्स, त्यांची बेरीज: २४/६ + १०/४ − ३/१०, म्हणजे ४ + २.५ − ०.३ = ६.२. याला भागायचं १/६ + १/४ + १/१० ने, म्हणजे ३१/६० ने. उत्तर नेमकं १२. तुझ्या १४ने ते १३.९च्या पुढे जातं. ही तपासणी मला जास्त आवडते कारण पहिल्या वेळी वापरलेल्या वाटेवरून ती जात नाही. पॉवरच्या तपासणीत चुकीचा करंट आपण दोन्हीकडे सारखाच घालून बसू शकतो.

आता एक गोष्ट जी पुस्तकं सांगत नाहीत आणि मला सांगावीशी वाटते. समज, उजवा अँमीटर जरासा चुकतोय आणि खरा करंट १.५ ऐवजी १.५५ आहे. चूक ०.०५ अँपिअरची, साधारण तीन टक्के. परत सोडव. डावा करंट २.०५ होतो, ‘अ’–‘ब’ व्होल्टेज २४ − १२.३ = ११.७. मधली बॅटरी ११.७ − २ = ९.७, म्हणजे तीन टक्के हलली, ठीक आहे. पण उजवी? ११.७ − १५.५ = −३.८. तीनाचे ३.८ झाले! मीटरची तीन टक्क्यांची चूक उत्तरात सव्वीस-सत्तावीस टक्क्यांची होऊन बाहेर आली. कारण उजव्या बॅटरीचा ईएमएफ हा दोन मोठ्या आकड्यांतला छोटा फरक आहे, १२ आणि १५ मधला, आणि मोठ्या आकड्यांची सगळी चूक त्या छोट्या फरकाच्या डोक्यावर बसते.

म्हणून प्रत्यक्ष कामात अँमीटर वाचून बॅटरीचा ईएमएफ काढायला मी जात नाही. शाखा तोडता येत असेल तर तोडतो, बॅटरीला काही वेळ शांत बसू देतो आणि टर्मिनलवर व्होल्टमीटर लावतो. डिजिटल मल्टिमीटरचा रेझिस्टन्स मेगाओहममध्ये असतो, करंट जवळजवळ नाहीच, अंतर्गत ड्रॉप नाहीच, दिसतो तो ईएमएफ. समीकरणं कामाला येतात ती शाखा तोडता येत नाही तेव्हा, किंवा मीटरने दाखवलेला आकडा पटत नाही तेव्हा.

घरी करून बघायचं असेल तर हे कर. नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी, एक रिचार्जेबल पेन्सिल सेल (१.२ व्होल्ट), एक साधा पेन्सिल सेल (१.५ व्होल्ट) आणि १ किलोओहमचे तीन रेझिस्टर, प्रत्येक शाखेत एक. नऊ व्होल्टवाली आणि रिचार्जेबल सेल दोन्ही पॉझिटिव्ह वर, साधा सेल उलटा. रिचार्जेबल मुद्दाम मध्ये सांगतोय, कारण मधली बॅटरी चार्ज होणार आहे आणि साध्या सेलला चार्ज करायचं नसतं. ‘अ’–‘ब’वर साधारण २.९ व्होल्ट यायला हवेत आणि करंट ६.१, १.७ आणि ४.४ मिलिअँपिअरच्या आसपास. थोडा फरक पडेल: नवा सेल दीड व्होल्टच्या वर असतो, आणि स्वस्तातला मल्टिमीटर २० मिलिअँपिअरच्या रेंजवर स्वतःचे साधारण १० ओहम शाखेत घालतो. लाल प्रोब वरच्या टोकाला आणि काळा खालच्या टोकाला धरून तिन्ही बॅटऱ्या एकेक करून मोज. उलट्या सेलवर मीटर स्वतःहून मायनस दाखवेल. तीच तुझी मायनस तीन. माझ्या शिकाऊ दिवसांत काट्याचे मीटर होते, तिथे काटा शून्याच्या मागे जाऊन खुंटीवर आपटायचा आणि वर वरिष्ठांचा ओरडा. तुमचं बरं आहे.

मोठ्या बॅटऱ्यांवर मात्र हा प्रयोग करू नकोस. इन्व्हर्टरच्या दोन बॅटऱ्या रेझिस्टरशिवाय समांतर जोडल्या, किंवा दोन टर्मिनलवर चुकून पाना पडला, तर वाटेत फक्त मिलिओहम असतात, आणि किती करंट येतो ते एव्हाना तुला काढता येतं.

आणि एक गणित तुझ्यासाठी. हेच सर्किट ठेव, मधला अँमीटर तसाच ०.५ खाली. उजव्या अँमीटरचा बाण मात्र उलटा, ‘ब’कडून ‘अ’कडे, ०.५ अँपिअर. मधली २२ आणि उजवी २९ व्होल्ट यायला हवी, दोन्ही पॉझिटिव्ह वर. पण त्याआधी डाव्या शाखेत करंट किती आला ते बघून जरा थांब, आणि मग सांग की डाव्या बॅटरीचा अंतर्गत रेझिस्टन्स १ ओहमऐवजी १०० ओहम असता तर उत्तरात काय बदललं असतं. बारावीच्या भौतिकशास्त्रात पोटेन्शिओमीटर शिकवतात, तो ईएमएफ इतका अचूक का मोजतो ते तुला त्या आकड्यात दिसेल.